आंबटवेलीच्या कळ्यांवरचा पिसारी पतंग: बडोदा परिसरातल्या प्रकल्प नोंदी

१२ जुलै २०२५

या मोसमाचं काम एकच. ड्यूटेरोकोपस या प्रजातीतला (प्रजाती म्हणजे जवळच्या जातींचा गट) पिसारी पतंग बडोद्याच्या आसपास कोणत्या वेलीवर आणि कशा जागी वाढतो, हे अळीपासून पतंगापर्यंत पुराव्यासह नोंदवायचं. हाताशी फक्त मागच्या सप्टेंबरचे दोन फोटो आहेत, नमुना नाही. फोटोत पंख गुंडाळलेले आहेत. मागच्या पायांवरचे काटेरी झुबके आणि पोटावरचे पांढरे ठिपके दिसतात, पण पुढच्या पंखाला किती चिरा आहेत ते दिसत नाही. पिसारी पतंगांत हीच मोठी अडचण आहे. बसल्यावर ते पंखांची सुरळी करतात आणि ओळखीचा मुख्य भाग त्या सुरळीत जातो.

कुळाची खूण अशी: टेरोफोरिडी कुळातल्या बहुतेक पतंगांचा पुढचा पंख दोन भागांत आणि मागचा तीन भागांत चिरलेला असतो. ड्यूटेरोकोपसमध्ये पुढच्या पंखाचा पहिला भागही टोकाकडे पुन्हा चिरतो, म्हणून पुढच्या पंखाला तीन पाकळ्या दिसतात. पंखविस्तार जेमतेम एक सेंटिमीटर असल्याने नुसत्या डोळ्यांना तो डासाएवढाच वाटतो.

जागा चार ठरवल्या. समा भागाकडची विश्वामित्रीची कोतरं, म्हणजे काठच्या घळी (वि-१), त्याच नदीचा शहराबाहेरचा वरचा भाग (वि-२), वाघोडिया रस्त्याच्या बाजूच्या शेतांच्या वाडी, म्हणजे झाडाझुडपांची जिवंत कुंपणं (शे-३) आणि पावागढचा पायथा (पा-४). जांबुघोडा यादीत घेतलं नाही. ते अभयारण्य आहे, आणि तिथून अळी उचलायलाही वनखात्याची लेखी परवानगी लागते.

२४ जुलै

आषाढ अमावास्या. शे-३ इथे दिव्याचा पडदा लावला. पांढरं सुती कापड दीड बाय दोन मीटर, आठ वॅटच्या दोन अतिनील नळ्या, १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाची बॅटरी. एवढ्यावर चार तास नीट चालतं. त्यापुढे नळ्या मंद होतात आणि बॅटरीचं आयुष्यही घटतं.

आलेले पिसारी: साटोडीवर वाढणारा मेगालोरिपिडा, वालाच्या वेलीवरचा स्फेनार्किस, आणि ज्याच्या प्रत्येक पंखाला सहा पिसं असतात असा एक अल्युसिटा. हा शेवटचा वेगळ्या कुळातला. फोटोंच्या ढिगात तो नेहमी पिसाऱ्यांत मिसळलेला सापडतो. ड्यूटेरोकोपस नाही.

पाऊस थांबल्यावर पंखवाल्या मुंग्या आणि भुंगेरे इतके आले की पडद्यावरचे छोटे पतंग तुडवले गेले. अशा रात्री कापडाचा खालचा काठ जमिनीपासून वीतभर वर बांधावा. म्हणजे भुंगेरे खाली पडून निघून जातात, पुन्हा वर चढत नाहीत.

विश्वामित्रीच्या काठावर पडदा लावणार नाही. नदीत मगरी आहेत, पावसाळ्यात पाणी चढलं की त्या कोतरांच्या तोंडापर्यंत येतात, आणि जून-जुलै हा पिल्लं बाहेर येण्याचा काळ असल्याने माद्या आक्रमक असतात. वि-१ आणि वि-२ इथलं सगळं काम दिवसा, वरच्या कडेवरून, पाण्यापासून लांब राहून.

३ ऑगस्ट

दिव्यावर येत नाही म्हणजे पतंग दुर्मिळ, हा निष्कर्ष आम्ही मान्य करत नाही. इतका लहान, अशक्त उडणारा पतंग दिव्याकडे लांबून येतच नाही. आला तरी तो कुठून आला ते कळत नाही, आणि आपला प्रश्न तर तोच आहे. म्हणून आजपासून दिवा बाजूला आणि वेल पुढे.

ड्यूटेरोकोपसच्या अळ्या द्राक्षकुळातल्या वेलींच्या कळ्या-फुलं खातात. आपल्याकडे पावसाळ्यात या कुळातली सर्वांत सहज सापडणारी वेल म्हणजे आंबटवेल. शेतकऱ्यांना विचारताना ‘खाटखटुंबो’ म्हणावं, लगेच दाखवतात. ओळख: तीन दलांचं करवती कडांचं पान, पानासमोर ताणा, चपटा फांद्याफांद्यांचा गुच्छ, हिरवट पांढरी चार पाकळ्यांची फुलं, पुढे काळी फळं.

तपासण्याची पद्धत आज ठरवली आणि आता बदलायची नाही. एका वेलीवर जास्तीत जास्त वीस गुच्छ. प्रत्येक गुच्छ दहापट भिंगाखाली, आधी देठाच्या बाजूने, मग वरून. पाहायच्या गोष्टी तीन: कळीच्या बाजूला गोल, स्वच्छ कडेचं भोक, भोकाशी अडकलेली कोरडी विष्ठा, आतून पोकळ झालेली, तरीही न गळलेली कळी. सोंडे भुंगेरेही भोक पाडतात, पण त्यांच्या भोकाची कड तपकिरी पडते आणि कळी दोन दिवसांत गळते. काहीच मिळालं नाही तर ‘शून्य’ लिहायचं, जागा कोरी सोडायची नाही. पुढे कुणी या पतंगाला दुर्मिळ म्हणायचं ठरवलं तर हीच शून्यं कामाला येणार आहेत.

छत्री धरून वेल झोडपण्याची नेहमीची रीत इथे चालत नाही. अळी रेशमाच्या धाग्याने कळीला धरून असते, पडत नाही. पडतात त्या कळ्या, आणि त्या पडल्या की वेलीची पुढची नोंदच संपते.

५ ऑगस्ट

शे-३, बांधावरची थोराची (काटेरी निवडुंगाची) वाड. पहिल्या अळ्या.

पूर्ण वाढलेली अळी पाच-सहा मिलिमीटर. हिरव्या कळ्यांवर हिरवी, लालसर छटेच्या गुच्छावर लालसर. अंगावर आखूड केस. सर्वांत उपयोगी खूण म्हणजे पोटाचे पाय लांब, बारीक, काडीसारखे. त्याच गुच्छात पानं गुंडाळणाऱ्या पतंगाच्या अळ्या होत्या. त्यांचे पोटाचे पाय आखूड असतात, आणि काडी लावली की त्या झटक्याने मागे सरकतात. पिसाऱ्याची अळी हलतही नाही. या फरकावर शेतातच नव्वद टक्के काम होतं.

वेलीवर थेरेट्रा या शिंगाळ्या पतंगाच्या मोठ्या अळ्याही आहेत. त्या पानांसकट गुच्छ संपवतात. अशा वेलीवर आज अळी दिसली तरी आठवड्याने कळ्या उरत नाहीत, म्हणून तिथल्या पिसारी अळ्या लगेच घरी आणाव्यात.

९ ऑगस्ट

अळ्या वाढवण्याबद्दल सविस्तर, कारण नमुने सर्वांत जास्त इथेच वाया जातात.

तोडलेला गुच्छ बंद डबीत ठेवला तर दुसऱ्या दिवशी कळ्या देठापासून सुटतात, आणि सुटलेल्या कळीत अळी शिरत नाही. म्हणून गुच्छ दोन पेरांच्या वेलीसकट कापायचा, कापलेलं टोक लगेच पाण्यात बुडवून पाण्याखालीच पुन्हा तिरपं कापायचं आणि पेनिसिलिनच्या छोट्या बाटलीत खोचायचं. बाटलीचं तोंड कापसाने घट्ट बंद. फट राहिली की अळी देठावरून उतरून पाण्यात बुडते. ही सगळी मांडणी अर्ध्या लिटरच्या डब्यात, तळाला टिश्यू कागद, झाकणाला भोक पाडून त्यावर बारीक जाळी चिकटवलेली.

बडोद्याच्या ऑगस्टच्या हवेत डबा पूर्ण बंद ठेवला तर भिंतींवर पाणी धरतं. आधी विष्ठेवर बुरशी येते, मग कोषावर. टिश्यू रोज बदलावा, पण बाटली हलवू नये. कात टाकत असलेली अळी धक्क्याने सुटली तर परत चढत नाही.

डब्यावर अळी सापडल्याची तारीख, जागेचा संकेत आणि वेलीचा क्रमांक पेन्सिलीने लिहावा. शाईचं लेबल दमटपणाने पुसतं.

काही गुच्छ वेलीवरच ऑर्गंझाच्या (पातळ जाळीदार कापडाच्या) पिशवीत बांधले आहेत. पिशवीच्या तोंडाशी कापूस गुंडाळून मग दोरा बांधायचा, नाहीतर मुंग्या आत जातात.

१४ ऑगस्ट

डब्यांमध्ये कोष धरले. रेशमाचं घर नाही. उघडा कोष शेपटीच्या टोकाने रेशमाच्या छोट्या गादीला चिकटलेला, देठाला समांतर. रंग देठासारखाच, म्हणून जुना गुच्छ फेकण्याआधी देठ बोटभर अंतराने भिंगाखाली बघावा.

पिशवीतल्या काही कोषांतून पतंगाऐवजी परजीवी गांधीलमाश्या निघाल्या. त्याही ठेवल्या आहेत, सत्तर टक्के अल्कोहोलमध्ये, त्याच क्रमांकाने. परजीवी मिळाली ही अळी तिथे होती याची पक्की नोंद आहे.

२० ऑगस्ट

पतंग बाहेर. कोषातून सकाळी निघतात, म्हणून डबे आठ वाजता पाहावेत. दुपारपर्यंत उडून उडून पंखांच्या झालरी झिजतात.

मारण्याची पद्धत ठरवताना दोन गोष्टी पाहिल्या. इथाइल अ‍ॅसिटेटने डीएनए खराब होतो. शिवाय छोट्या बाटलीत वाफेचे थेंब पंखाला लागतात. म्हणून फ्रीझर. काचेच्या नळीत एकेक पतंग, रात्रभर. बाहेर काढल्यावर नळी तासभर बंदच ठेवायची. लगेच उघडली तर थंड पतंगावर दव धरतं, झालरी ओल्या होतात आणि शेजारच्या पाकळ्या एकमेकींना चिकटतात. तीन पाकळ्यांचा पंख दोन पाकळ्यांचा दिसू लागतो. आंबटवेलीवर निप्पोप्टिलिया हा दुसरा पिसारीही येऊ शकतो, आणि त्याचा पुढचा पंख खरोखरच दोन पाकळ्यांचा असतो. म्हणजे एका दवाच्या थेंबाने प्रजातीच बदलते. या प्रकल्पातली सर्वांत मोठी जोखीम आम्ही हीच मानतो.

पंख पसरण्याआधी मधला उजवा पाय चिमट्याने काढून ९५ टक्के अल्कोहोलमध्ये, उणे वीस अंशांत. मागचे पाय काढायचे नाहीत. त्यांच्यावरच्या काट्यांच्या मुळाशी असलेले खवल्यांचे झुबके ओळखीसाठी लागतात, आणि ते फुंकरीनेही मोडतात.

२३ ऑगस्ट

पंख पसरणं. ०.१५ मिलिमीटरची बारीक टाचणी, छातीच्या मधोमध, वरून सरळ. पतंग ताजा, लवचीक असतानाच. सुकवून पुन्हा भिजवलेल्या पिसाऱ्याच्या पाकळ्या क्वचितच नीट उघडतात.

आधी पुढचा पंख ब्रशच्या एका केसाने खालून उचलून पुढे आणायचा. मग मागचा. मग पाकळ्या एकेक, टोकाकडून नव्हे तर चिरेच्या मुळाकडून सुट्या करायच्या. पाकळ्यांवर ट्रेसिंग कागदाची पट्टी हलकी ठेवून तिच्या बाहेर टाचण्या. पंखाला टाचणी कुठेच लागू द्यायची नाही. दहा दिवस हवाबंद डब्यात, निळ्या सिलिका जेलसह. जेल गुलाबी झालं की तव्यावर भाजून परत वापरता येतं. जेलशिवाय या दिवसांत चौथ्या दिवशी बुरशी दिसते.

४ सप्टेंबर

सूक्ष्मदर्शकाखाली, वीस ते चाळीस पट.

पुढचा पंख: पहिली मोठी चीर पंखाच्या अर्ध्याच्या थोडी आधी सुरू होते; वरचा भाग टोकाकडे पुन्हा चिरलेला. तीन पाकळ्या, शंका नाही. रंग गंजासारखा तांबूस तपकिरी, वरच्या पाकळ्यांवर पांढुरके आडवे डाग. मागचा पंख: तीन पाकळ्या, तिसरीच्या झालरीत गडद खवल्यांचा दात. पोटावर रुपेरी पांढरे ठिपके. मागच्या पायांवर काट्यांच्या प्रत्येक जोडीपाशी ताठ खवल्यांचं वलय. पंखविस्तार नऊ ते साडेदहा मिलिमीटर.

प्रजाती ड्यूटेरोकोपस. झेलर यांनी १८५२ मध्ये स्थापलेली.

जातीपर्यंत एवढ्यावर जायचं नाही. सोकोत्रा बेटावरून रेबेल यांनी १९०७ मध्ये वर्णिलेली सोकोट्रानस ही जाती आफ्रिकेपासून पूर्व आशियापर्यंत पसरलेली आहे. मेरिक यांनी १९०८ मध्ये वर्णिलेली प्लॅनेटा ही दुसरी उमेदवार. रंग आणि डाग यांत एकाच वेलीवरून आलेल्या पतंगांतही फरक दिसतो, म्हणून फोटो पुढे ठेवून नाव देणं चुकीचं ठरेल. जननांगं पाहिल्याशिवाय लेबलवर जातीची जागा रिकामी.

१३ सप्टेंबर

अधिवासाची मापं. अळ्या मिळालेली आणि न मिळालेली, दोन्ही प्रकारच्या वेली मोजल्या: सावली, गुच्छाची जमिनीपासून उंची, आधाराचं झाड, जवळच्या रस्त्यावरच्या दिव्याचं अंतर, पाण्यापासूनचं अंतर, वाड शेवटची कधी छाटली.

चित्र बरंच स्पष्ट आहे. वेड्या बाभळीच्या शेंड्यावर, पूर्ण उन्हात पसरलेल्या वेलींवर गुच्छ भरपूर, अळ्या नाहीत. थोराच्या जुन्या वाडीत, गुडघ्यापासून छातीपर्यंतच्या उंचीवर, पूर्वेकडचं ऊन आणि दुपारची सावली मिळणाऱ्या वेलींवर अळ्या. थोराच्या काट्यांत गुरं तोंड घालत नाहीत आणि वाऱ्याचा झोत आत येत नाही, हे कारण आम्हाला सर्वांत पटतं. इतका हलका पतंग वाऱ्यात गुच्छावर टिकू शकत नाही. संध्याकाळी माद्या वाडीच्या आतल्या बाजूलाच उडताना दिसतात, उघड्या बाजूला नाहीत.

वि-१ इथे सगळी शून्यं. नदीचं पात्र रुंद आणि खोल करण्याचं काम या पावसाळ्याआधी झालं. कोतराची कड सरळ कापली गेली, वेली यंदा बियांपासून नव्या उगवल्या आहेत आणि कळ्या उशिरा आल्या. ऑगस्ट २०२४ च्या पुरात जिथवर गाळ चढला होता त्या रेषेच्या वरच्या, न कापलेल्या तुकड्यात वि-२ कडे अळ्या आहेत. तीच नदी, तीच वेल. फरक आहे तो वाड किती जुनी आहे याचा.

पा-४ मध्ये वेल खडकांच्या फटींतून निघते, गुच्छ छोटे. अळ्या थोड्या, पण आहेत. पायथ्याचा रस्ता सोडून वर जायची गरज नाही.

२६ सप्टेंबर

नवरात्र. शहरात आणि शहराबाहेरही गरब्याच्या मैदानांवरचे मोठे दिवे पहाटेपर्यंत चालू. दिव्याच्या पडद्याची तुलना करण्यासाठी हे दिवस निरुपयोगी. पावागढला गर्दी, पा-४ बंद.

११ ऑक्टोबर

जननांगांची तपासणी. आधी तुरीवरच्या किंवा वालावरच्या सामान्य पिसाऱ्यावर हात बसवावा. दुर्मिळ नमुन्यावर शिकू नये.

सुक्या पतंगाचं पोट खालून वर हलकं दाबलं की छातीपासून सुटतं. ते दहा टक्के कॉस्टिक पोटॅशमध्ये, परीक्षानळीत, नळी गरम पाण्यात. एवढ्या लहान पोटाला पाच ते आठ मिनिटं पुरतात. मोठ्या पतंगांसाठी सांगितलेली वीस मिनिटं ठेवली तर पडदे विरघळल्यासारखे पातळ होतात आणि रंगच धरत नाहीत. घाई नसेल तर खोलीच्या तापमानाला रात्रभर ठेवणं जास्त सुरक्षित.

मग ऊर्ध्वपातित पाण्यात, ब्रशने खवले आणि चरबी काढायची, नेहमी छातीकडून शेपटीकडे. क्लोराझोल ब्लॅकचा एक थेंब, काही सेकंद, आणि लगेच धुवायचं. मादीच्या पिशवीचा पातळ पडदा याच रंगाने दिसतो. नराचे दोन्ही वाल्व (जननांगाच्या दोन बाजूंच्या पकडी) उघडून, खालची बाजू वर करून ठेवायचे. पिसाऱ्यांच्या काही प्रजातींत डावा-उजवा वाल्व वेगळा असतो, त्यामुळे काच उलटी पडली तर डावा-उजवा बदलतो आणि रेखाटन चुकीचं होतं. काचेच्या कोपऱ्यावर हिऱ्याच्या लेखणीने बाण कोरून ठेवावा. पुढे अल्कोहोल ७०, ९५, शंभर टक्के, आणि युपॅराल या पारदर्शक चिकट द्रवात काचेवर कायम. काच सपाट ट्रेवर, चाळीस अंशांच्या आत, काही आठवडे.

काचेचा क्रमांक आणि पतंगाच्या टाचणीवरचा क्रमांक एकच. हे त्याच बैठकीत, दुसऱ्या दिवसावर न ढकलता.

१९ ऑक्टोबर

नर आणि मादीची रेखाटनं पूर्ण. तुलना छापील चित्रांशी चालू आहे. फ्लेचर यांनी १९१० मध्ये या प्रजातीची उजळणी केली होती, पण त्या काळातला भर पंखांवर आणि खवल्यांवर. जननांगांची चित्रं नंतरच्या कामांतून घ्यावी लागतात. काढून ठेवलेल्या पायावरून डीएनएचा ६५८ अक्षरांचा बारकोड मागवता येईल. मात्र ज्या नमुन्याशी तो जुळवायचा त्याचं नाव बरोबर असलं तरच त्याला अर्थ आहे.

सध्याचं लेबल: गुजरात, जिल्हा वडोदरा (पा-४ साठी पंचमहाल), जागेचा संकेत, अक्षांश-रेखांश, आंबटवेलीच्या कळीवर अळी, अळीची तारीख, पतंग निघाल्याची तारीख, ‘ड्यूटेरोकोपस’, पुढे रिकामी जागा.

‘दुर्मिळ’ हा शेरा अहवालात घातलेला नाही. योग्य वाड असली की अळ्या मिळतात. कमी होत आहेत त्या वाडी.

२ नोव्हेंबर

शे-३ मधल्या वाडीची छाटणी. वेलींवर फळं, कळ्या जवळपास संपल्या. छाटणी पंधरा ऑक्टोबरनंतर झाली तर अळ्यांची शेवटची पिढी पतंग होऊन निघून गेलेली असते; सप्टेंबरात झाली तर कोष काट्यांसकट जाळले जातात. दोन शेतकऱ्यांनी पुढच्या वर्षी वाड दिवाळीनंतरच छाटायचं कबूल केलं. त्यांना यात तोटा नाही, कारण थोर तोवर गुरांना रोखून धरतो.

१४ डिसेंबर

वेल जमिनीवर सुकली. जमिनीखाली कंद जिवंत आहे, पण पुढच्या पावसापर्यंत कळी नाही. तूर फुलोऱ्यात, आणि तिच्यावर एक्झेलास्टिस अ‍ॅटोमोसा हा तुरीचा पिसारी भरपूर. त्यातले थोडे पोट काढण्याच्या सरावासाठी घेतले. त्याचा पुढचा पंख दोन पाकळ्यांचा, म्हणून तुलनेलाही चांगला.

जानेवारी ते जून या काळासाठी काम दोन ठिकाणी. एक, शहरातल्या बागांमधल्या द्राक्षवेली आणि कांडवेल, जिथे पाणी दिल्यामुळे पावसाळ्याबाहेरही कळ्या येतात. त्याच पद्धतीने, वीस गुच्छ, शून्यासह. दोन, थोराच्या वाडीतला सुका पालापाचोळा आणि सालीच्या फटी, सकाळी थंडी असताना, हातात टॉर्च आणि पांढरा ट्रे घेऊन, पतंग बसून राहिले आहेत का हे पाहण्यासाठी. शे-३ आणि वि-२ पासून सुरुवात.